भट्टीवरचा डोळा : कोल्हापूर-शिरोलीच्या कॅमेऱ्याची पूर्वपीठिका

तळहाताएवढ्या एकाच बोर्डावर बसवलेल्या संगणकाला कॅमेरा जोडायचा आणि त्याचे चित्र त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी दाखवायचे, याला आज लाइव्ह स्ट्रीमिंग म्हणतात. कारखान्यात त्याचा अर्थ अगदी साधा असतो. माणसाला जिथे उभे राहता येत नाही, किंवा चोवीस तास उभे करणे परवडत नाही, तिथले दृश्य तो असेल तिथे पोचवायचे. शिरोली एमआयडीसीत अशा जागा पुष्कळ आहेत. पुणे-बंगळूर महामार्गालगत, हातकणंगले तालुक्यातल्या शिरोली पुलाची या गावाजवळची ही वसाहत ओतकामाच्या भट्ट्या आणि मशिन शॉप यांसाठी ओळखली जाते. बिडाचा रस भट्टीतून काढताना त्याचे तापमान १४०० ते १५०० अंश सेल्सिअस असते. संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या सीएनसी मशिनचे दार बंद झाले की आत कुलंटच्या फवाऱ्याखाली काय चालले आहे ते काचेतून धड दिसत नाही. आणि वसाहत व कोल्हापूर शहर यांच्यामध्ये पंचगंगा आहे. पावसाळ्यात ती रस्ता अडवते, तेव्हा नदीच्या एका काठाला कारखाना आणि दुसऱ्या काठाला त्याचा मालक, अशी स्थिती होते. दुरून पाहण्याची गरज या गावाला नवी नाही, आणि कॅमेरा स्वतः घडवण्याची कोल्हापूरची सवय तर शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिथूनच हा इतिहास सुरू करावा लागतो. बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कोल्हापूरकडे मेस्त्री म्हणजे हातात हत्यार धरून वस्तू घडवणारा आणि बिघडली तर उघडून दुरुस्त करणारा कारागीर. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, आणि त्या कामात पश्चिम भारतात त्यांचा मोठा लौकिक होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि दोघांच्या मनाने सिनेमाची ओढ घेतली. परदेशी कॅमेरा विकत घेण्याएवढा पैसा नव्हता. मुंबईहून जुने यंत्र आणायचे, ते खोलायचे, त्यातली फिल्म पुढे कशी सरकते आणि थांबते ते समजून घ्यायचे आणि तसे भाग घडवायचे, असा मार्ग त्यांनी धरला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला. भारतात घडलेला पहिला सिनेकॅमेरा म्हणून त्याची नोंद घेतली जाते. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि ‘सैरंध्री’ हा चित्रपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लोकांसमोर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

सिनेकॅमेऱ्यात कठीण भाग भिंगाचा नसतो. भिंग विकत मिळते. कठीण असते ते फिल्मची पट्टी सेकंदाला सोळा वेळा ओढणे, दर वेळी ती नेमक्या जागी निश्चल थांबवणे, आणि थांबलेली असतानाच झडप उघडणे. यात केसभराचा फरक पडला तर पडद्यावर चित्र थरथरते. म्हणजे हे काम लेथचे, कानशीचे आणि मापाचे आहे. ज्या गावात हे काम जमले त्या गावात पुढे इंजिने आणि सुटे भाग घडले, यात आश्चर्य नाही. दोन्हींना लागणारा हात एकच आहे. दामले, एस. फत्तेलाल आणि व्ही. शांताराम ही मंडळी बाबूरावांच्याच तालमीत तयार झाली आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. महाराष्ट्र फिल्म कंपनी जिथे होती त्या खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे.

सिनेमाचा बराचसा पसारा पुण्या-मुंबईला गेला, पण मेस्त्री कोल्हापुरातच राहिले. ऊस, गुऱ्हाळे आणि नदीकाठचे पाणी उपसणारे पंप यांना इंजिन लागे, आणि इंजिन बंद पडले की गाळप थांबे. या दुरुस्तीच्या धंद्यातून शहरातले उद्यमनगर वाढले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावे या उद्योगाच्या पहिल्या पिढीतली म्हणून आजही आदराने घेतली जातात. ऑइल इंजिन इथे बनू लागले तसे त्याला लागणारे बिडाचे ओतीव भाग इथेच ओतावे लागले, आणि ओतकाम हा कोल्हापूरचा स्वतंत्र धंदा झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. त्यानंतर शहराच्या गल्ल्यांत मावेनासा झालेला हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत इथे पसरला. कोल्हापूर परिसरात फाउंड्रींची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. पूर्वीच्या कोळशाच्या कपोला भट्टीच्या जोडीला विजेवरची इंडक्शन भट्टी आली, लेथच्या जोडीला सीएनसी आणि उभ्या स्पिंडलची व्हीएमसी आली. ट्रॅक्टर, मोटारी आणि पंप यांचे भाग इथून देशभर जातात.

दुरून पाहण्याच्या यंत्राची सुरुवातही कारखान्यासारख्याच गरजेतून झाली, जरी ती जागा भयंकर होती. १९४२ मध्ये जर्मनीतल्या पेनेमुंडे इथे व्ही-२ अग्निबाणांच्या चाचण्या चालत. उड्डाणाच्या वेळी जवळ थांबणे म्हणजे मरण, म्हणून सीमेन्सने तिथे कॅमेरा आणि दूरचा पडदा बसवला. वॉल्टर ब्रुख हा त्यामागचा अभियंता. बंद तारेवरच्या दूरचित्रवाणीचे, म्हणजे आजच्या सीसीटीव्हीचे, ते पहिले ठळक उदाहरण मानतात. युद्धानंतर हे तंत्र बॉयलर, अणुभट्ट्या आणि पोलाद कारखाने यांत शिरले. पण त्या कॅमेऱ्यात काचेची निर्वात नळी असे, ती महाग असे आणि झिजे. दोन शोधांनी हे बदलले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हा सिलिकॉनचा प्रकाशग्राही काढला. मग १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांच्या गटाने सीमॉस प्रकारचा ग्राही विकसित केला. तो साध्या चिपसारखाच बनवता येत असल्याने पुढे मोबाइलमध्ये कोट्यवधींच्या संख्येने गेला. आज काही शे रुपयांत मिळणारा कॅमेरा हा मोबाइलच्या त्या लाटेचा परिणाम आहे.

चित्र संगणकाच्या जाळ्यावरून पाठवण्याची गोष्ट मात्र एका कॉफीच्या भांड्यापासून सुरू होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे यंत्र होते. वेगवेगळ्या मजल्यांवरचे संशोधक जिने उतरून येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्याकडे कॅमेरा वळवला आणि त्याचे चित्र सगळ्यांच्या पडद्यावर आणले. चित्र होते १२८ बाय १२८ बिंदूंचे, काळ्या-करड्या छटांचे, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारे. तेवढ्यात भांडे भरलेले आहे की रिकामे, हे समजत असे आणि प्रश्न तेवढाच होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरच्या लोकांनी ते पाहिले. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद करण्यात आला. या गोष्टीतला धडा यंत्रशाळेसाठी फार मोलाचा आहे: काय जाणून घ्यायचे ते आधी ठरले की चित्र किती मोठे, किती स्पष्ट आणि किती वेळा हवे हे आपोआप ठरते.

त्या भांड्याचा कॅमेरा ज्या संगणकाला जोडला होता तो एकॉर्न कंपनीचा आर्किमिडीज होता. एकॉर्नही केंब्रिजचीच. तिने १९८१ मध्ये ब्रिटनच्या शाळांसाठी बीबीसी मायक्रो हा संगणक काढला, एप्रिल १९८५ मध्ये एआरएम या नावाची पहिली चिप तयार केली आणि तिची पुढची आवृत्ती १९८७ च्या आर्किमिडीजमध्ये घातली. कमी विजेवर चालणे हा त्या रचनेचा गुण. आज जगातले जवळजवळ सगळे मोबाइल आणि बहुतेक छोटे बोर्ड याच घराण्यातल्या चिपवर चालतात.

एकाच बोर्डावरचा संगणक मात्र त्याहून जुना आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत एमओएस टेक्नॉलॉजीचा किम-१ हा उघडा बोर्ड विकत मिळू लागला. त्याच साली इंटेलची ८०८५ ही चिप आली आणि तिच्यावरचे शिकवणीचे किट भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोचले. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कोल्हापूरचे केआयटी १९८३ चे. या पट्ट्यात शिकलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पिढ्यांना ते किट अजून आठवते: सोळा आकडी कळफलक, सहा लाल अंक आणि एकेक आज्ञा आकड्यांत टिपून भरण्याचे काम. त्यावर चित्र दिसणे शक्यच नव्हते. पण संगणक ही पेटीत बंद केलेली वस्तू नसून तारा जोडता येणारा बोर्ड आहे, ही समज त्या किटने दिली. पुढे रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा संगणक हातात पडला तेव्हा तो परका वाटला नाही, त्याचे कारण हेच.

रास्पबेरी पाय हाही केंब्रिजचाच, आणि त्याच संगणक प्रयोगशाळेशी नाते असलेला. तिथे संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांना बोर्ड उघडून, आज्ञा लिहून शिकण्याची सवय उरली नाही, ही खंत एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना होती. त्यासाठी त्यांनी विश्वस्त संस्था काढली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड विक्रीला आला. पहिली खेप दहा हजारांची होती आणि मागणी तिच्या कितीतरी पट आली. किंमत ३५ डॉलर, त्या वेळच्या दराने पावणेदोन हजार रुपयांच्या आसपास. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. वेग ७०० मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट. थोड्याच महिन्यांत त्याचे उत्पादन वेल्समधल्या पेनकोएड इथल्या सोनीच्या कारखान्यात सुरू झाले.

मुलांना शिकवायला काढलेल्या या बोर्डात एक गोष्ट होती जिने त्याला कारखान्यात आणले. त्यातली ब्रॉडकॉमची चिप मुळात व्हिडिओ हाताळणाऱ्या उपकरणांसाठी बनवलेली होती, आणि तिच्यात चित्र दाबून लहान करणारा स्वतंत्र विभाग होता. मे २०१३ मध्ये ५ मेगापिक्सेलचा, २५ डॉलरचा कॅमेरा आला. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी पाटी, तिला चपटी रिबन केबल, आणि बोर्डावर तिच्यासाठी राखून ठेवलेली खाच. एका ओळीच्या आज्ञेने पूर्ण एचडी चित्र, सेकंदाला तीस चौकटी, जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर जाऊ लागले. तोवर असे काम करायचे तर तयार नेटवर्क कॅमेरा घ्यावा लागे. स्वीडनच्या अॅक्सिस कंपनीने पहिला नेटवर्क कॅमेरा १९९६ मध्ये काढला होता आणि २०१३ पर्यंत असे कॅमेरे बाजारात पुष्कळ झाले होते. पण ते बंद पेटीचे. त्यांच्या आत काय चालते ते बदलता येत नसे. भट्टीचे तापमान त्याच चित्रावर लिहायचे, दार उघडले की चित्रण सुरू करायचे, मोजमाप चुकले की दिवा लावायचा, असे काही हवे असेल तर ते त्या कंपनीने दिले तरच मिळे. बोर्डावर ते स्वतः लिहिता येते. १९१८ साली जुने यंत्र खोलून बाबूरावांनी जे मिळवले, ते या बोर्डाने पुन्हा मेस्त्रीच्या हातात ठेवले. कॅमेऱ्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात कोल्हापूरसारख्या गावाच्या दृष्टीने यापेक्षा महत्त्वाची घटना दुसरी नाही.

दाबून लहान करणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या कामाचे कठीणपण कळत नाही. पूर्ण एचडी चित्रात १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूला सरासरी दीड बाइट धरले तर एक चौकट तीन मेगाबाइटची होते. सेकंदाला तीस चौकटी म्हणजे ९३ मेगाबाइट, किंवा सुमारे ७५० मेगाबिट. पहिल्या पायचे जाळ्याचे दार फक्त १०० मेगाबिटचे होते. कच्चे चित्र त्यातून जाऊच शकत नाही. २००३ मध्ये मान्य झालेली एच.२६४ ही पद्धत तेच चित्र साधारण चार मेगाबिटमध्ये बसवते, म्हणजे १८० हून अधिक पटींनी लहान करते. ती अधूनमधून एक पूर्ण चौकट पाठवते आणि मधल्या चौकटींत फक्त बदलले तेवढेच सांगते. व्हीएमसीचे टेबल, व्हाइस, मागची भिंत ही जागची हलत नाहीत. हलते ते टूल. त्यामुळे मशिनचे चित्र स्वस्तात जाते. भट्टीवर मात्र ठिणग्या उडाल्या, धूर उठला की चौकटीचा प्रत्येक कोपरा बदलतो, चार मेगाबिट पुरत नाहीत आणि चित्राचे चौकोन पडतात. नेमके पाहायचे तेव्हाच चित्र फाटते. त्यासाठी बिटदर वाढवावा लागतो किंवा चौकटींची संख्या कमी करावी लागते.

दुसरी, जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक चौकट स्वतंत्र जेपेग छायाचित्र म्हणून पाठवणे. ती जाळ्याला जड असते, पण उशीर कमी करते आणि एक चौकट हरवली तरी पुढची बिघडत नाही. कारखान्याच्या आतल्या तारेवर जागा भरपूर असते. तिथे ही साधी पद्धत अनेकदा जास्त भरवशाची ठरते.

उशीर ही स्वतंत्र अडचण. १९९६ मध्ये आलेला आरटीपी आणि १९९८ चा आरटीएसपी हे चित्र पाठवण्याचे नियम सीसीटीव्हीच्या जगात रुळले आणि त्यांत उशीर सेकंदाच्या आत राहतो. २००९ मध्ये ॲपलने एचएलएस काढला. तो व्हिडिओचे तुकडे करून साध्या वेबपानासारखे पाठवतो, त्यामुळे कुठल्याही मोबाइलवर चालतो. पण सुरुवातीला एकेक तुकडा दहा सेकंदांचा असे आणि पाहणाऱ्याकडे तीन तुकडे जमल्यावर चित्र सुरू होई. मंदिरातली आरती दाखवायला अर्ध्या मिनिटाचा उशीर चालतो. लॅडलमधून, म्हणजे ओतण्याच्या भांड्यातून, रस ओतताना दाखवायला तो चालत नाही. त्यासाठी २०११ पासून पुढे आलेला वेबआरटीसी हा मार्ग योग्य. त्यात अर्ध्या सेकंदाच्या आत चित्र पोचते.

हे सगळे असूनही २०१३ मध्ये वसाहतीबाहेर चित्र नेणे सोपे नव्हते, कारण जाळेच अरुंद होते. सर्वसामान्यांसाठी भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सुरू केले. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असे ठरले. वर सांगितलेल्या चार मेगाबिटच्या चित्राला त्याच्या सोळा पट वाट लागते, आणि तीही वर चढवण्याच्या दिशेने, जी बहुतेक वेळा उतरण्याच्या दिशेहून अरुंद असते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर ४जीचे दर कोसळले आणि त्यानंतर फायबर पसरले. कोल्हापुरात अंबाबाईचे थेट दर्शन घरबसल्या घेणे लोकांच्या अंगवळणी पडले ते याच काळात. चार मेगाबिटचे चित्र दिवसभर चालू ठेवले तर ४३ गिगाबाइट होतात. मोबाइलच्या सिमवर हे आजही परवडत नाही.

बोर्डही बदलत गेले. फेब्रुवारी २०१६ च्या तिसऱ्या पायवर वायफाय आले. २०१७ चा झीरो डब्ल्यू दहा डॉलरचा होता. ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा २०१६ मध्ये, भिंग बदलता येणारा १२ मेगापिक्सेलचा २०२० मध्ये. जुनी कॅमेरा आज्ञावली नोव्हेंबर २०२१ च्या प्रणालीतून वगळली गेली आणि तिच्या जागी लिबकॅमेरा आली, तेव्हा लोकांनी लिहून ठेवलेले प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालेनासे झाले. २०२१ ते २०२३ या काळात चिपच्या टंचाईने बोर्ड मिळेनासे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला पाचवा पाय पुष्कळ वेगवान आहे, पण त्यात एच.२६४ दाबणारा तो स्वतंत्र विभागच नाही. हे काम मुख्य प्रोसेसरला करावे लागते. केवळ एक कॅमेरा दाखवायचा असेल तर चौथा पाय किंवा झीरो २ डब्ल्यू हीच आजही योग्य निवड.

मशिन शॉपसाठी त्या वर्षांतली खरी महत्त्वाची वस्तू वेगळी आहे. साधा सीमॉस ग्राही चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. स्पिंडल मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास फेरे झाले. चौकट वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला तर तेवढ्यात टूल दीड फेऱ्याहून अधिक फिरलेले असते, आणि चित्रात ड्रिलचा पीळ वेडावाकडा दिसतो. मार्च २०२३ मध्ये रास्पबेरी पायने ग्लोबल शटरचा कॅमेरा काढला, जो सगळे बिंदू एकाच क्षणी टिपतो. तो फक्त १.६ मेगापिक्सेलचा आहे. घरच्या फोटोला तो निरुपयोगी वाटेल; फिरत्या वस्तूचे माप घ्यायला त्याला तोड नाही.

शिरोलीसारख्या ठिकाणी हा बोर्ड बसवताना अडचणी येतात त्या पुस्तकातल्या नसतात. पहिली उष्णता. चिप ८० अंशांना पोचली की ती स्वतःचा वेग कमी करू लागते आणि ८५ ही तिची मर्यादा. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली, बंद डबीत, भट्टीच्या बाजूला हे अंतर फार लवकर कापले जाते. म्हणून बोर्ड दूर, थंड जागी ठेवावा आणि लांब पल्ल्याचे भिंग लावावे. दुसरी धूळ. सँड मोल्डिंग आणि शॉट ब्लास्टिंगच्या जागी बारीक वाळू व लोखंडाचा भुगा उडतो, आणि लोखंडाचा भुगा वीज वाहून नेतो. उघडा बोर्ड तिथे टिकणार नाही. डबी हवाबंद हवी आणि काचेवर दाबाखालची हवा सोडण्याची सोय हवी. तिसरी वीज. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि ४.६३ च्या खाली आले की तो कमी दाबाची सूचना देतो. मोबाइलचा चार्जर आणि लांब केबल वापरली की हे हमखास घडते. वीज अचानक गेली तर मेमरी कार्डावरची नोंद अर्धवट राहून कार्ड बिघडते, म्हणून कार्ड फक्त वाचण्यापुरते ठेवण्याची व्यवस्था करावी. चौथी अडचण इंडक्शन भट्टी आणि वेल्डिंग यांच्या विद्युत गोंधळाची. कॅमेऱ्याची चपटी रिबन केबल उघडी असते, तिला कवच नसते. ती शक्य तितकी आखूड ठेवावी, आणि पुढचे अंतर कवच असलेल्या नेटवर्क केबलने कापावे. वायफायवर भिस्त ठेवू नये.

प्रकाशाचा प्रश्न फाउंड्रीत सर्वांत अवघड. अंधाऱ्या शेडमध्ये धगधगता रस. कॅमेरा स्वतः उजेड ठरवू लागला की रस पांढऱ्या ठिपक्यासारखा फुलतो, किंवा रस नीट दिसतो तेव्हा बाकी सगळे काळे होते. इथे स्वयंचलित मापन बंद करून उघडझापेचा वेळ हाताने ठरवावा लागतो आणि भिंगापुढे गडद काच लावावी लागते. ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात; झडपेचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या पटीत ठेवला की चित्रावरचे पट्टे जातात.

दुरून पाहता येणारा कॅमेरा दुरून दुसऱ्यालाही पाहता येतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून येतानाचेच पासवर्ड असलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतली डाइन ही कंपनी आणि तिच्यावर विसंबलेली मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. रास्पबेरी पायवरही सुरुवातीपासून ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड ठरलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये तो काढून टाकला गेला. त्याआधीचे बोर्ड जिथे असतील तिथे तो आजच बदलावा. राउटरमध्ये बाहेरून आत येण्याचे दार उघडू नये; बोर्डानेच आतून बाहेर, व्हीपीएनच्या सुरक्षित खासगी वाटेने जोडून घ्यावे. मोबाइलच्या सिमवर बाहेरून आत येणे बहुधा शक्यही नसते, कारण अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात.

कॅमेऱ्याचे तोंड कुणाकडे, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. ऑपरेटरच्या पाठीवर दिवसभर कॅमेरा रोखल्याने रिजेक्शन कमी होत नाही. रिजेक्शन कशाने झाले ते डायल, टूल आणि रसाचा रंग सांगतात. कॅमेरा बसवण्यापूर्वी तो कुठे आहे, काय टिपतो आणि चित्र किती दिवस राहते हे कामगारांना सांगणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

शिरोलीचा शेवटचा प्रश्न पुराचा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ फूट आणि इंचांत मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळ्या जिल्ह्याचे लक्ष त्या आकड्याकडे लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अशा वेळी वीज तोडलेली असते, वायफाय बंद असते, आणि शेडमध्ये पाणी शिरले का हे पाहायला कुणी जाऊ शकत नाही. तेव्हा केंब्रिजच्या त्या कॉफीच्या भांड्याची रीतच उपयोगी पडते. हलते चित्र नको. भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवायच्या आणि दर पाच मिनिटांनी त्यांचे एक छायाचित्र पाठवायचे. शंभर किलोबाइटचे एक चित्र धरले तर दिवसाला २८८ चित्रांचे २९ मेगाबाइट होतात, ४३ गिगाबाइट नव्हे. झीरो २ डब्ल्यू आणि ४जी डोंगल मिळून पाच वॅट धरले, आणि ट्रकची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तर ती पाच दिवस पुरते. २०१९ मध्ये महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता. तेवढ्यासाठी दोन बॅटऱ्या लागतात, आणि त्या पुराच्या रेषेच्या वर ठेवाव्या लागतात.